खांबावरचा चेहरा, दारावरची पाटी

पुणे महापालिकेसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. त्याआधीची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मधली. त्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे जवळपास चार वर्षे शहराचा कारभार प्रशासकाकडे राहिला. या चार वर्षांत पुण्याला नगरसेवक नव्हते, पण नगरसेवक होऊ पाहणारे चेहरे चौकाचौकांत होते. वाढदिवस, दहीहंडी, गणेशोत्सव, दिवाळी, प्रत्येक निमित्ताला शुभेच्छा आणि खाली ‘भावी नगरसेवक’. म्हणून निकाल लागून गेल्यावरही एक प्रश्न शिळा होत नाही. स्थानिक निवडणुकीत उमेदवाराने आपला फलक कसा करावा आणि कुठे लावावा? माझे मत असे की फलकाची खरी जागा विजेचा खांब नव्हे, मतदाराचे दार आहे. ज्याने स्वखुशीने होकार दिला त्याच्या फाटकावर, गॅलरीच्या कठड्यावर, वाड्याच्या दरवाजाशेजारी लावलेली लहान, नीट वाचता येणारी पाटी हाच स्थानिक प्रचाराचा प्रामाणिक फलक. प्रत्यक्ष प्रचार करणाऱ्यांना हे मत पटत नाही, आणि त्यांची बाजू लेचीपेची नाही. म्हणून ती मी इथे एका कल्पित प्रचारप्रमुखाच्या तोंडी घालतो आहे. तो कोणी विशिष्ट माणूस नाही, पण त्याचे आक्षेप खरे आहेत आणि ते होता होईल तो पुऱ्या ताकदीने मांडायचा प्रयत्न केला आहे. तो मला ‘सर’ म्हणतो, मी त्याला ‘दादा’.

प्रचारप्रमुख : सर, दारावरची पाटी ऐकायला छान वाटते. पण आकडे बघा. या वेळी ४१ प्रभाग आणि १६५ जागा होत्या. प्रभागरचना केली २०११ च्या जनगणनेवर, आणि तेव्हाचीच लोकसंख्या ३४ लाख ८१ हजार भरते. म्हणजे एका प्रभागात सरासरी ८५ हजार माणसं, तीही पंधरा वर्षांपूर्वीची. धायरी, वाघोली, बावधनकडे त्यानंतर किती इमारती उभ्या राहिल्या ते तुम्हीही पाहता. अर्ज मागे घ्यायची मुदत २ जानेवारी, चिन्हं मिळाली ३ जानेवारीला आणि १३ तारखेच्या संध्याकाळी प्रचार बंद. दहा दिवसांत किती जिने चढणार? नळ स्टॉपला नाहीतर दांडेकर पुलाला सिग्नलवर थांबलेला माणूस मान वर करतो, तेव्हा आमचा उमेदवार त्याला दिसलाच पाहिजे. नाहीतर तो म्हणणार, “हा कोण? कधी पाहिला नाही.”

मी : दादा, नाव ओळखीचं होण्याला किंमत असते हे मला मान्य आहे, आणि त्याला पुरावाही आहे. सिंडी कॅम आणि एलिझाबेथ झेकमाइस्टर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी नॅशव्हिल शहराच्या कौन्सिल निवडणुकीच्या वेळी एक प्रयोग केला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. ‘बेन ग्रिफिन’ या नावाच्या पाट्या त्यांनी एका शाळेजवळच्या रस्त्याला लावल्या. असा उमेदवारच नव्हता. नंतर शाळेतल्या मुलांच्या पालकांना पसंती विचारली, तेव्हा त्या रस्त्याने ये-जा करणाऱ्यांमध्ये या नसलेल्या माणसाला जास्त पाठिंबा निघाला. नुसतं नाव डोळ्यांखालून गेलं की हा माणूस निवडून येऊ शकतो असं मनाला वाटू लागतं, हे त्यांच्या अभ्यासातून दिसलं. पण याच विषयावरचा दुसरा पुरावाही समोर ठेवू या. अमेरिकेतल्याच चार निवडणुकांमध्ये, कोणत्या भागात पाट्या लावायच्या हे चिठ्ठ्या टाकाव्या तसं ठरवून, केलेले प्रयोग २०१६ साली एकत्र प्रसिद्ध झाले. पाट्यांमुळे मतांत पडलेला फरक सरासरी पावणेदोन टक्क्यांच्या आसपास निघाला. शून्य नाही, पण चुरशीची लढत सोडली तर निकाल फिरवणाराही नाही. शिवाय नॅशव्हिलच्या त्या निवडणुकीत नावापुढे पक्ष नव्हता, आपल्याकडे नावाशेजारी चिन्ह असतं. पक्षाच्या उमेदवाराला मत देणाऱ्या पुष्कळ लोकांची बोटं चिन्ह शोधतात. म्हणजे पाटीचा खरा उपयोग आहे तो चिन्ह नवीन असलेल्या अपक्षाला आणि छोट्या पक्षाच्या उमेदवाराला. आता तुमचेच दहा दिवस बघा. चिन्ह हातात येऊन प्रचार संपेपर्यंत दहाच दिवस मिळतात, हे त्या अपक्षाच्या बाबतीत अक्षरशः खरं आहे. ज्याचा चेहरा चार वर्षं खांबावर होता, त्याच्या बाबतीत ते खरं नाही. उमेदवाराच्या निवडणूक खर्चाचा हिशेब उमेदवारी अर्जापासून सुरू होतो. त्याआधीचे वाढदिवसाचे फ्लेक्स त्या हिशेबात येतच नाहीत. खांबावरच्या प्रचाराने नवख्याला संधी मिळते असं तुम्ही सुचवता. प्रत्यक्षात तो प्रचार आधीच पुढे असलेल्याला आणखी पुढे नेतो.

प्रचारप्रमुख : बरं, तसं असेल. पण समोरचा लावतो ना! मी एकट्याने थांबायचं आणि त्याने अख्खा सिंहगड रस्ता भरायचा? कायदा कायदा म्हणतात, पण कायद्याने कुणाचा फ्लेक्स थांबला? महापालिकेची गाडी येते, चार काढते, रात्री आठ लागतात. आमचे कार्यकर्ते मला विचारतात, “आपलेच का नाहीत?” त्यांना मी काय अमेरिकेतले प्रयोग सांगू?

मी : कायद्याबद्दल तुम्ही म्हणता त्यात दुर्दैवाने बरंच तथ्य आहे. मालमत्तेचे विद्रूपण रोखणारा महाराष्ट्राचा कायदा १९९५ चा. त्यातली शिक्षा तीन महिन्यांपर्यंतचा कारावास, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तीस वर्षांत दोन हजारांची किंमत किती उरली ते सांगायला नको. महापालिका अधिनियमाच्या कलम २४४ आणि २४५ खाली आकाशचिन्हांवर आणि जाहिरातींवर नियंत्रण आहे, आणि त्यासाठी पुण्यात आकाशचिन्ह व परवाना विभाग आहे. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये सविस्तर निकाल देऊन सगळ्या महापालिकांना बेकायदा फलक हटवायला सांगितलं. पक्षांनी न्यायालयात लेखी हमी दिल्या. २०२४ साली न्यायालयाला पुन्हा त्याच पक्षांना विचारावं लागलं की हमी मोडल्याबद्दल अवमानाची कारवाई का करू नये. हे सगळं घडूनही खांब रिकामे झाले नाहीत. आणि कारण उघड आहे. ज्याचा चेहरा फ्लेक्सवर आहे तोच उद्या सभागृहात बसून त्या विभागाच्या अधिकाऱ्याला जाब विचारणार, मग अधिकाऱ्याचा हात कसा उठेल? यंत्रणा किती सैल आहे याची एक खूण २०१८ मध्ये पुण्याशेजारच्या पिंपळे सौदागरला दिसली. मैत्रिणीची माफी मागण्यासाठी एका तरुणाने तिच्या येण्याजाण्याच्या वाटेवर सुमारे तीनशे फलक लावले, आणि ते सगळे लागेपर्यंत त्याला कुणी हटकलं नाही. ज्या शहरांत हे होऊ शकतं तिथे कायद्याच्या धाकावर माझं म्हणणं मी उभं करणार नाही.

माझं म्हणणं तुमच्या फायद्याच्या हिशेबावर उभं आहे. अलका टॉकीजच्या चौकात पहिला फ्लेक्स लागतो तेव्हा तो दिसतो. दहावा लागतो तेव्हा पहिलाही दिसेनासा होतो. तुम्ही समोरच्याच्या दहाला उत्तर म्हणून पंधरा लावता, तो वीस लावतो, आणि शेवटी दोघांची ओळख जिथल्या तिथे राहून खर्च तेवढा वाढतो. कार्यकर्त्याला वाटतं आपण रस्ता जिंकला. पण जाणाऱ्या-येणाऱ्याला खांबावरून एकच गोष्ट कळते, की या माणसाकडे पैसे आहेत आणि नियम मोडायची तयारी आहे. दारावरच्या पाटीचं तसं नाही. सदाशिव पेठेतल्या एका गल्लीत वीस घरांपैकी सहा दारांवर एकाच उमेदवाराचं नाव दिसलं, तर शेजारच्याला कळतं की जोशीकाकूंनी, कोपऱ्यावरच्या शिक्षकांनी, वरच्या मजल्यावरच्या परिचारिकेने या माणसाला आपलं नाव दिलं आहे. ही गोष्ट समोरचा रातोरात पैसे टाकून करू शकत नाही. त्याला सहा जिने चढून सहा जणांना पटवावंच लागेल. “समोरचा लावतो ना” या तक्रारीवर मला दिसणारं उत्तर हेच आहे. जिथे पैशाने बरोबरी होत नाही, तिथे स्पर्धा न्या.

प्रचारप्रमुख : जोशीकाकू! सर, पुण्यात अंगण उरलंय कुणाकडे? अमेरिकेत घरापुढे हिरवळ असते, पाटी खोचली की झालं. इथे सोसायटी आहे. चेअरमन म्हणतो, “राजकारण गेटच्या बाहेर.” एका घरात बापाचं मत वेगळं, सुनेचं वेगळं. दुकानदार तर हात जोडतो. उद्या दुसराच निवडून आला, तर दुकानापुढचा बोर्ड आणि ओटा मोजायला माणसं येतील अशी त्याला भीती. आणि भाडेकरू? घरमालकाच्या मर्जीविरुद्ध तो पाटी लावेल? आपल्याकडे मतदान गुप्त आहे ते उगाच नाही. तुम्ही लोकांना म्हणता, छातीवर बिल्ला लावून फिरा.

मी : तुमच्या सगळ्या आक्षेपांत हा सर्वांत वजनदार आहे, आणि तो मी झटकणार नाही. आधी अंगणाचा भाग बाजूला काढतो, कारण तो तितकासा अवघड नाही. पाटी हा पुण्याचा जुना, घरचा प्रकार आहे. ‘पुणेरी पाटी’ या शब्दाला साऱ्या महाराष्ट्रात ओळख आहे, आणि ती पाटी कायम स्वतःच्या फाटकावर, स्वतःच्या जिन्यात, स्वतःच्या दुकानात असते. लिहिणारा तिच्यामागे उभा असतो. वाहन कुठे लावू नये, बेल किती वेळा वाजवावी, हे तो स्वतःच्या अधिकाराने आणि स्वतःच्या दारात सांगतो. अंगण गेलं तरी दार, फाटक आणि गॅलरीचा कठडा शिल्लक आहेत. या घरच्या पाटीला वेगळी प्रतिष्ठा का, याचा विचार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९४ साली केला होता. मिसुरी राज्यातल्या लाड्यू गावात एका बाईंनी आखाती युद्धाच्या विरोधात खिडकीत एक कागद लावला, पण गावाच्या नियमाने घरावर अशा पाट्या लावायला मनाई होती. न्यायालयाने तो नियम रद्द केला. स्वतःच्या घरावर लावलेल्या पाटीचा अर्थ दुसरीकडे लावलेल्या पाटीपेक्षा वेगळा असतो, कारण तिथे बोलणारा कोण हेही त्या बोलण्याचाच भाग असतं, असं कारण दिलं. खांबावरच्या फ्लेक्सवर ‘शुभेच्छुक’ म्हणून दहा नावं असली तरी हा अर्थ येत नाही. खांब कुणाचाच नाही.

आता भीतीकडे. गुप्त मतदान हा मतदाराचा हक्क आहे. तो त्याने वापरावा अशी सक्ती नाही, आणि सोडावा अशी तर मुळीच नसावी. पाटी लावणं म्हणजे हा हक्क स्वेच्छेने थोडा बाजूला ठेवणं. त्यामुळे इथे सगळा भार ‘स्वेच्छेने’ या शब्दावर येतो. दुकानदाराला विचारूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याचा परवाना, ओटा, हातगाडीची जागा महापालिकेच्या हातात आहे, त्याचा होकार होकार नसतो. पथारीवाल्याला तर नाहीच. सोसायटीच्या सामाईक भिंतीवर, लिफ्टपाशी, मुख्य फाटकावर एकाही उमेदवाराची पाटी नको, कारण ती जागा सगळ्यांची आहे, आणि तिथे चेअरमन बरोबर आहे. मात्र आपल्या सदनिकेच्या दारावर किंवा कठड्यावर सभासदाने वीतभर पाटी लावली, तर त्यात सोसायटीने पडू नये. घरमालकाची परवानगी न घेता त्याची जमीन, इमारत, कुंपणभिंत प्रचारासाठी वापरू नये असं आचारसंहिताच सांगते. तिने मागितलेली ही परवानगी उमेदवार कागदोपत्री उरकतात. ती मनापासून मागितली तर त्याच क्षणी उमेदवाराला मतदाराच्या दारात उभं राहावं लागतं. बाप आणि सून यांची मतं वेगळी असतील, तर त्या घराने पाटी लावू नये किंवा दोन लावाव्यात. दोन पाट्यांचं दार पाहायला मिळालं तर मला आनंदच होईल.

भाडेकरूच्या बाबतीत मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. पुण्यात शिकायला-नोकरीला आलेल्या, अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या माणसाला घरमालकाच्या नाराजीची किंमत फार मोठी वाटते, आणि ती खरोखर मोठी आहे. त्याचा आवाज दारावरच्या पाट्यांच्या रचनेत कमी ऐकू येईल, हे मान्य करायलाच हवं. खांबावरच्या रचनेत तो अजिबात ऐकू येत नाही, एवढंच मी त्यावर म्हणू शकतो.

प्रचारप्रमुख : म्हणजे ज्यांना विचारायचं नाही त्यांची यादीच मोठी झाली. दुकानदार नाही, पथारीवाला नाही, भाडेकरू अर्धा नाही. वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीचं काय? मग माझ्या उमेदवाराचं नाव या लोकांपर्यंत पोचवायचं कसं? खांब तरी सगळ्यांशी बोलतो.

मी : खांबाच्या जागी सगळ्यांशी बोलणारं दुसरं काहीतरी हवं, हे खरं. त्यासाठी सार्वजनिक जागा सार्वजनिक रीतीनेच वापरावी लागेल. फ्रान्समध्ये निवडणूक आली की प्रत्येक गावात नगरपालिका ठरावीक ठिकाणी फळ्या उभ्या करते आणि प्रत्येक उमेदवाराला सारखी जागा देते. अधिकृत पोस्टर तिथे लागतं. जपानमध्येही अशाच फळ्या असतात, चौकोनांना क्रमांक असतात आणि आपला क्रमांक मिळाला की तिथेच चिकटवायचं. या पद्धतीत दोष नाहीत असं मी म्हणत नाही. २०२४ च्या टोकियो गव्हर्नर निवडणुकीत ५६ उमेदवार उभे राहिले, फळ्यांवर जागा अपुरी पडली, आणि एका पक्षाने आपल्या वाट्याच्या जागा देणगीदारांना वापरायला दिल्याने फळ्यांवर प्रचाराशी संबंध नसलेल्या गोष्टी झळकल्या. नियम काटेकोर नसतील तर समान जागाही विकली जाते. तरी दोन्ही देशांनी फळ्या सोडून खांब धरले नाहीत. आणि ही कल्पना पुण्याला परकी कुठे आहे? पेठांमधल्या मंडळांचे, पक्षांच्या शाखांचे काळे वार्ताफलक चौकात होतेच, काही अजून आहेत. रोज खडूने लिहिलं जायचं, येणारा-जाणारा थांबून वाचायचा. महापालिकेने प्रत्येक मतदान केंद्राच्या वाटेवर, पीएमपीच्या थांब्याजवळ, वस्तीच्या तोंडाशी अशा फळ्या उभ्या केल्या आणि प्रत्येक उमेदवाराला सारखा चौकोन दिला, तर तुमचा उमेदवार आणि त्याच्याविरुद्ध उभा असलेला अपक्ष शेजारीशेजारी, एकाच मापात दिसतील. तुम्हाला ते मान्य होईल का, हा खरा प्रश्न आहे. खांबाची बाजू घेणारे ‘सगळ्यांशी बोलतो’ म्हणतात, तेव्हा ‘आम्हीच बोलतो’ असं त्यांना म्हणायचं असतं, अशी मला शंका आहे.

प्रचारप्रमुख : शंका घ्या तुम्ही. पण समजा मी मान्य केलं, आणि पाटी करायची ठरवली. मग त्यात बसवू काय? वर देशाचे नेते, राज्याचे नेते, शहराध्यक्ष, आमदार. एक फोटो गाळला तर फोन येतो. चार जणांचं पॅनेल आहे, चौघांचे चेहरे आले. त्यातून ‘कार्यसम्राट’ वगैरे मी लिहीत नाही, कार्यकर्तेच लिहून आणतात.

मी : इथे थोडं सविस्तर बोलू या, कारण जागेइतकीच पाटीची घडण महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. फलक करणाऱ्यांचा जुना हिशेब असा, की अक्षराच्या प्रत्येक इंच उंचीला साधारण दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. ताशी तीस किलोमीटरने जाणारी दुचाकी सेकंदाला आठ मीटरहून थोडं जास्त अंतर कापते. तिच्यावरच्या माणसाला तीन सेकंद द्यायचे, तर नाव पंचवीस मीटरवरून, म्हणजे ऐंशी फुटांवरून वाचता आलं पाहिजे. त्याला आठ इंचांचं अक्षर लागेल. तुमच्या खांबावरच्या तीन बाय दोन फुटांच्या फ्लेक्सवर दहा चेहरे बसवल्यावर नावाला दोन-अडीच इंच उरतात. म्हणजे ज्या दुचाकीस्वारासाठी तो लावला, त्याला तो वाचता येत नाही. त्याला दिसतात फक्त चेहरे, आणि चेहऱ्यांची नावं त्याला ठाऊक नसतात. गल्लीत पायी चालणाऱ्याला दारावरची पाटी वीस-पंचवीस फुटांवरून दिसते. तिथे तीन इंचांचं अक्षर पुरून उरतं. दोन फूट बाय दीड फुटाच्या पाटीत ते नीट बसतं. जागा बदलली की फलक लहान होतो, स्वस्त होतो आणि वाचनीयही होतो.

देवनागरीला तर मोकळी जागा जास्तच लागते. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार. दोन ओळी चिकटवल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. त्यात अक्षराला सोनेरी कडा, कडेला पांढरी आउटलाइन, मागे सावली घातली की जोडाक्षरांची पोटं भरून जातात आणि नाव डाग होऊन बसतं. पूर्वी भिंती रंगवणारा पेंटर हे जाणत होता. एकरंगी जमीन, एकरंगी अक्षर, जाड पण मोकळं, आणि नावाच्या दुप्पट चिन्ह. संगणकावर सावली फुकट मिळते म्हणून ती द्यायची, ही सवय नंतरची.

आणि मजकूर काय असावा, तर मतदान यंत्रासमोर उभं राहिल्यावर ज्याची गरज पडेल तेवढाच. पुण्यातल्या मतदाराला एक नव्हे, चार मतं द्यायची होती, कात्रजकडे पाच. अ, ब, क, ड अशा जागा, प्रत्येकीची यादी वेगळी. कितीतरी लोक एक बटण दाबून निघू पाहतात आणि बाहेरून ओरड होते, “अजून तीन राहिलीत.” तुमच्या पॅनेलच्या फ्लेक्सवर चार हसरे चेहरे असतात, पण कोण कुठल्या जागेवर ते अक्षर सगळ्यांत बारीक असतं. उलट व्हायला हवं. प्रभाग क्रमांक, जागेचं अक्षर, यंत्रावर जसं छापलेलं असेल तसंच नाव, चिन्ह आणि मतदानाची तारीख. ‘अण्णा’, ‘भाऊ’, ‘ताई’ ही ओळख गल्लीत चालते. यंत्रावर मात्र पूर्ण नाव असतं आणि तिथे आजीबाईंना अण्णा सापडत नाहीत. चेहरा एकच, उमेदवाराचा, आणि तोही जागा उरली तर. तुमच्या शहराध्यक्षांचा फोन येईल. त्यांना सांगा की ही पाटी जोशीकाकूंच्या दारावर लागणार आहे आणि त्या दारावर कुणाचा फोटो हवा ते काकू ठरवतील. छापणाऱ्याचं आणि छापून घेणाऱ्याचं नाव तळाशी असावं. लोकसभा-विधानसभेला प्रचारसाहित्यावर ते देणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्यामागचं तत्त्व प्रभागातही तेवढंच योग्य आहे. जे छापलं त्याला जबाबदार कोण, हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

प्रचारप्रमुख : स्वस्त म्हणालात म्हणून सांगतो. फ्लेक्ससारखं स्वस्त काही नाही. गरीब उमेदवाराला तेवढंच परवडतं. टीव्ही नाही, मोबाइलवरच्या जाहिराती नाहीत. तुम्ही त्याच्या हातातलं हत्यार काढून घेताय. आणि फ्लेक्स छापणारी पोरं? आणखी एक, होर्डिंग पडून माणसं मेली की लोक आमच्याकडे बोट दाखवतात. ते आमचे नसतात.

मी : शेवटचं आधी घेतो, कारण त्यात तुमच्यावर अन्याय होतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये जुन्या बाजाराजवळच्या चौकात रेल्वेच्या जागेवरचं होर्डिंग उतरवताना लोखंडी सांगाडा रस्त्यावर कोसळला आणि चार जण गेले. एप्रिल २०२३ मध्ये किवळ्याला पाच, मे २०२४ मध्ये घाटकोपरला सतरा. हे सगळे जाहिरातींचे अवाढव्य सांगाडे होते. त्यांचा दोष प्रचाराच्या फ्लेक्सच्या माथी मारणं बरोबर नाही, आणि जे मारतात ते आपला मुद्दा दुबळा करतात. तुमच्या फ्लेक्सचं नुकसान लहान आहे, पण ते रोजचं आहे. दुभाजकावरच्या फलकाआडून रस्ता ओलांडणारं मूल दिसत नाही. झाडाला ठोकलेला खिळा झाड वाढलं तरी खोडातच राहतो. पुण्यात ‘आंघोळीची गोळी’ या संस्थेच्या मुलांनी झाडांचे खिळे उपटण्याची मोहीम काढली, त्यातच सगळं आलं. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी. तो कुजत नाही आणि जाळला तर विषारी धूर निघतो. केरळने २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली. छापखान्यांचं काम जाईल म्हणता, पण छपाई कापडावर होते, कागदावर होते. फ्लेक्स आला तेव्हा हाताने अक्षर काढणारे पेंटर बसले, त्यांच्यासाठी कुणी हळहळलं नाही. दोन फुटांची कापडी पाटी पुन्हा त्यांच्या हातात जाऊ शकते. गरीब उमेदवाराबद्दल म्हणाल, तर चौरस फुटाचा दर कमी आहे म्हणून फ्लेक्स गरिबाचा होत नाही. दर जितका कमी, तितके जास्त चौरस फूट पैसेवाला घेतो. गरिबाजवळ त्याच्याइतके फूट कधीच नसतात. ओळखीची दारं मात्र असू शकतात.

प्रचारप्रमुख : आणि मतदान झाल्यावर? तुमच्या पाट्या कोण काढणार? आमच्या फ्लेक्सना नावं ठेवता, पण त्या दारावर पुढच्या पावसाळ्यापर्यंत लोंबत राहतील.

मी : नाही राहणार, दादा. खांबावरचा फ्लेक्स राहतो, कारण तो काढणं कुणाचंच काम नसतं. कार्यकर्ता लावायला येतो, काढायला येत नाही. महापालिकेचा माणूस फ्लेक्स ओढून नेतो, केबल टाय तिथेच सोडतो. पुण्याच्या कुठल्याही जुन्या दिव्याच्या खांबाला हात लावून पाहा, मागच्या दोन-तीन प्रचारांच्या सुतळ्या आणि पट्ट्या एकमेकींवर आवळलेल्या सापडतील. दारावरच्या पाटीवर तारीख लिहिलेली असते आणि ती घरच्यांच्या नजरेला रोज पडते. निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला दार उघडणारा माणूस ती काढून ठेवतो, मागे स्वच्छ बाजू असेल तर मुलं तिच्यावर चित्र काढतात. तुमच्या कार्यकर्त्याने फक्त एक करायचं. पाटी द्यायला गेला होता त्याच दारी निकालानंतर पुन्हा जायचं, उमेदवार जिंकला असेल तरी आणि पडला असेल तरी.